टेकूवरचा भार

यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याचे धुराडे, गरगर फिरणारी चाके आणि तेलाने माखलेले कामगार उभे राहतात. परंतु सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवीपर्यंत प्रत्येक घरात जी यंत्रे हाताळली जातात, त्यांची गणती सहसा कोणी करीत नाही. शेगडीवरचे तापलेले पातेले उतरविणारी सांडशी, पानाच्या डब्यातील आडकित्ता, शिंप्याची कात्री, वाण्याचा तराजू, अंगणातील झाडू, गवंड्याची पहार ही सारी यंत्रेच होत. इतकेच नव्हे, तर ही सर्व एकाच यंत्राची निरनिराळी रूपे आहेत. त्या यंत्राचे नाव तरफ.

तरफेची ओळख शाळेत प्रत्येकास होते. जिच्याभोवती दांडा फिरतो ती जागा म्हणजे टेकू, जे उचलावयाचे अथवा दाबावयाचे तो भार, आणि आपण लावतो ते बल, एवढ्या तीन व्याख्या मुले पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. ह्या तिघांपैकी बल आणि भार यांविषयी पुष्कळ बोलले जाते. टेकूकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तरफेचे बहुतेक ओझे तो एकटाच वाहत असतो. ह्या लेखात त्या उपेक्षित टेकूची विचारपूस करावयाची आहे. ही विचारपूस केवळ पुस्तकी नाही, तिचा संबंध गावच्या पाण्याशी आणि घरच्या माणसांच्या पाठीशी पोहोचतो, हे वाचकांच्या पुढे ध्यानात येईलच.

फळीवरचे गणित

बंगळूर शहराच्या उत्तरेस, बल्लारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हेब्बाळ नावाचा भाग आहे. एके काळी तलावाकाठचे हे एक खेडे होते. आता तेथे उड्डाणपूल आहे, दाट वसाहती आहेत, आणि त्या वसाहतींत कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. अशा वसाहतीतील एखाद्या बालोद्यानात सायंकाळी जाऊन पाहावे. सीसॉच्या फळीवर बसलेल्या दोन मुलांस एकमेकांची भाषा येत नसली तरी त्यांचे काही अडत नाही. कोणी पुढे सरकावयाचे आणि कोणी टोकाला बसावयाचे, हे त्यांना न बोलताच समजते.

समजा, फळी ३ मीटर लांब आहे आणि तिचा टेकू बरोबर मध्यावर आहे. २० किलो वजनाची बहीण एका टोकावर, म्हणजे टेकूपासून १५० सेंटिमीटरांवर बसली आहे. भावाचे वजन ३० किलो आहे. तोही दुसऱ्या टोकावर बसला तर बहीण वर अधांतरी राहील आणि खेळ तेथेच संपेल. म्हणून भाऊ पुढे सरकतो. किती सरकतो? टेकूपासून १०० सेंटिमीटरांवर येईपर्यंत. २० गुणिले १५० म्हणजे ३०००, आणि ३० गुणिले १०० म्हणजेही ३०००. दोन्ही बाजूंचे गुणाकार सारखे झाले की फळी तोलली जाते. तरफेचा सारा नियम एवढाच आहे. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो सिद्ध केला. मुले तो सिद्धतेवाचूनच पाळतात.

आता आपण एक प्रश्न विचारू. फळी तोललेली असताना मधल्या खांबावर किती भार असतो? भावाचा की बहिणीचा? उत्तर असे की दोघांचाही. बहिणीचे २० किलो, भावाचे ३० किलो आणि वर फळीचे स्वतःचे वजन, एवढे सारे त्या एका आसावर टेकलेले असते. मुले पुढे सरकोत वा मागे, ती बेरीज बदलत नाही. दिवसभर शेकडो मुले येतात आणि जातात. ती खाली-वर होतात, आणि तो आस जागच्या जागी झिजत राहतो. म्हणूनच उद्यानात सीसॉ बिघडला तर फळी मोडण्याआधी बहुधा मधला सांधा खिळखिळा झालेला आढळतो. मुलांस खेळावयास बसविण्यापूर्वी पालकांनी ह्या सांध्याकडे एकदा पाहून घ्यावे, आणि मुलांची बोटे त्यापासून दूर ठेवावीत.

एकाच नियमाची तीन रूपे

टेकू, बल आणि भार यांपैकी मध्ये कोण आहे, यावरून तरफेचे तीन प्रकार पडतात. टेकू मध्ये असला तर तो पहिला प्रकार. सीसॉ, तराजू, कात्री, सांडशी ही त्याची उदाहरणे. तराजूच्या दोन्ही भुजा समान असतात, कारण तेथे श्रम वाचवावयाचे नसून न्याय करावयाचा असतो. कात्रीची मात्र रूपे पाहण्यासारखी आहेत. शिंप्याच्या कात्रीची पाती लांब असतात. कापड मऊ असते, जोर कमी लागतो, आणि एका दमात लांब काप घ्यावयाचा असतो. पत्रा कापण्याच्या कातरीची पाती आखूड आणि मुठी लांब असतात, कारण तेथे जोर हवा, वेग नको. कारागिराने टेकूची जागा थोडी पुढे-मागे केली आणि एकाच यंत्राची दोन वेगळी हत्यारे झाली.

भार मध्ये असला तर तो दुसरा प्रकार. आडकित्त्याचा सांधा एका टोकाला, सुपारी त्याच्याजवळ आणि आपली मूठ दुसऱ्या टोकाला असते. सुपारी सांध्यापासून ३ सेंटिमीटर आणि मूठ १५ सेंटिमीटर असेल, तर हाताचा जोर पाचपट होऊन सुपारीवर पडतो. कोकणातल्या काय किंवा मलनाडातल्या काय, टणक सुपारीची खांडे अशी सहज पडतात, याचे रहस्य हेच. लिंबू पिळण्याची चिमणी आणि गवंड्याची एकचाकी गाडी याच जातीची.

बल मध्ये असला तर तो तिसरा प्रकार. चिमटा, झाडू आणि आपला स्वतःचा हात त्यात मोडतात. येथे जोर उलट अधिक लागतो, पण त्याच्या मोबदल्यात टोकाची हालचाल मोठी आणि जलद होते. झाडूची वरची मूठ थोडी हलली की खालचे टोक हातभर फिरते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तरफ कोणास काही फुकट देत नाही. जोर वाचविला तर अंतर वाढते, अंतर वाचविले तर जोर वाढतो. योग्य आधार मिळाला तर मी पृथ्वीदेखील हलवून दाखवीन, अशा आशयाचे उद्गार आर्किमिडीजच्या नावावर सांगितले जातात. गणिताने त्यास आडकाठी नाही. परंतु ६० किलो वजनाच्या माणसाने पृथ्वीएवढे वस्तुमान तरफेने एक सेंटिमीटर सरकवावयाचे ठरविले, तर दांड्याचे दुसरे टोक सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे इतके अंतर चालवीत न्यावे लागेल. त्या थोर गणित्याने जागा मागितली ती टेकूची, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एत, लाट आणि हातपंप

ज्या हेब्बाळच्या उद्यानातून आपण निघालो, त्याच गावाचा शेतीच्या विद्येशी जुना संबंध आहे. म्हैसूर संस्थानात १८९९ मध्ये राज्यप्रतिनिधी महाराणींनी दिलेल्या ३० एकर जमिनीवर तेथे शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. १९१३ मध्ये कृषिशाळा निघाली, १९४६ मध्ये महाविद्यालय झाले, आणि १९६४ मध्ये कृषिविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. ज्या मुलखासाठी ही विद्या उभी राहिली, तेथील शेतकरी शतकानुशतके सीसॉचाच एक थोरला भाऊ विहिरीवर वापरीत आला होता. कन्नडमध्ये त्यास एत म्हणतात. कोकणात आणि गोव्यात तीच लाट. ईजिप्तमध्ये हीच युक्ती हजारो वर्षांपूर्वी नाईलच्या काठी चालत होती.

एका दुबेळक्या खांबावर लांब आडवा वासा तोललेला असतो. त्याच्या एका टोकास पोहरा आणि दुसऱ्या टोकास दगड बांधलेला. माणूस रिकामा पोहरा खाली ओढतो, त्या वेळी दगड वर जातो. पोहरा भरला की दगड आपल्या वजनाने तो वर आणण्यास साहाय्य करतो. श्रम नाहीसे होत नाहीत. भरलेले ओझे वर खेचण्याऐवजी रिकामे दोर खाली ओढावे लागते, आणि खाली ओढताना माणसास स्वतःच्या देहाचे वजन उपयोगी पडते. दक्षिणेत काही ठिकाणी तर माणसे त्या वाशावरच पुढे-मागे चालत आणि त्यांच्या भाराने वासा खाली-वर होई. मुलांचा खेळ आणि मोठ्यांचे कष्ट यांत असा एका वाशाचाच फरक होता. वीज आली, पंप आले, आणि एत शेतातून बहुतांशी गेली. तिचे नाव मात्र राहिले आहे. कर्नाटकात उपसा सिंचन योजनेस आजही 'एत नीरावरी' असेच म्हणतात.

ह्याच वंशातील पुढची पिढी म्हणजे गावोगावचा हातपंप, आणि त्याच्या कथेत मराठी मुलखाचा मोठा वाटा आहे. दख्खनच्या कातळात यंत्राने खोल विंधणविहिरी घेणे १९६० नंतरच्या काळात शक्य झाले. पाणी लागले, परंतु त्यावर बसविलेले बिडाचे पंप टिकेनात. मूळ परदेशी नमुन्यावरून केलेले ते पंप एका कुटुंबाच्या अंगणात दिवसातून काही वेळ चालावेत अशा हिशेबाने घडविलेले होते. येथे मात्र सबंध गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांवर पाणी भरी. दांडा अनेक सांध्यांनी जोडलेला असे. त्या सांध्यांतील खिळा झिजे, भोक मोठे होई, दांडा लडखडू लागे आणि एके दिवशी पंप बंद पडे. विहिरीत पाणी असून गाव तहानलेले, अशी अवस्था ठिकठिकाणी झाली. दोष पाण्याचा नव्हता, दांड्याचाही नव्हता. टेकू हरला होता.

हा दोष प्रथम ओळखला तो मराठवाड्यात जालना येथे. तेथील स्कॉटिश मिशनच्या मंडळींनी अनेक सांधे काढून टाकले आणि एकाच भक्कम आसावर फिरणारा पोलादी दांडा बसविला. सोलापुरात हीच कल्पना आणखी सुधारली गेली. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर टिकाऊ पंपाची निकड सर्वांनाच पटली. सोलापूरच्या नमुन्याचा आधार घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांच्या सहकार्याने नवा पंप तयार झाला. कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या, आणि १९७० चे दशक संपण्यापूर्वी त्याचे उत्पादन सुरू झाले. त्याचे नाव इंडिया मार्क दोन. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही पोहोचला.

ह्या पंपाचा हिशेब आपण करून पाहू. आतील नळकांड्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर असतो. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाचे वजन सुमारे ९५ किलो भरते. दांड्याची लांब भुजा आखूड भुजेच्या आठपट आहे. म्हणून हाताला सुमारे १२ किलोच जोर लावावा लागतो. आतील सळ्यांचे वजन दांड्याच्या स्वतःच्या वजनाने बऱ्याच अंशी तोलले जाते. दट्ट्या एका खेपेस साडेबारा सेंटिमीटर वर येतो, तेव्हा हात एक मीटर खाली गेलेला असतो, आणि पाणी मिळते सुमारे ०.४ लिटर. १५ लिटरांचा हंडा भरण्यास अशा ३८ खेपा लागतात. म्हणजे हाताने १२ किलो जोर ३८ मीटर चालविला. दुसरीकडे १५ किलो पाणी ३० मीटर वर आले. १२ गुणिले ३८ आणि १५ गुणिले ३० हे दोन्ही गुणाकार करून पाहावेत. ते जवळजवळ सारखेच येतात. जमाखर्च असा चोख जुळतो.

आता टेकूचा हिशेब. एका बाजूचे ९५ आणि दुसऱ्या बाजूचे १२ मिळून १०७ किलोंचा भार त्या एका आसावर प्रत्येक खेपेस पडतो, मिनिटातून सुमारे ४० वेळा, दिवसभर, वर्षानुवर्षे. म्हणून मार्क दोनच्या आसास बंदिस्त बॉल बेअरिंगे दिलेली आहेत, आणि सळी सरळ उभी खेचली जावी यासाठी दांड्याच्या पुढच्या टोकास साखळी लावलेली आहे. पाणी भरणाऱ्या बाईच्या हाती लांब दांडा येतो. तिचे श्रम वाचतात ते पेटीच्या आत दडलेल्या त्या सांध्याने ओझे पत्करले म्हणून.

आपल्या पाठीचा टेकू

पंपाची तरफ मोडली तर दुरुस्तीस कारागीर येतो. परंतु पंपाखालून भरलेला हंडा उचलताना आणखी एक तरफ कामास लागते. ती म्हणजे आपली पाठ. कमरेतून वाकून, हात पुढे करून हंडा उचलला, तर टेकू असतो तो कण्याच्या खालच्या मणक्यांशी. पाठीचे स्नायू त्या टेकूच्या मागे अवघ्या ५ सेंटिमीटरांच्या अंतरावर ओढ घेतात, आणि हंडा पुढे सुमारे ४० सेंटिमीटरांवर असतो. हे प्रमाणही आठास एक असेच आहे. फरक एवढाच की पंपात ते आपल्या बाजूने होते, येथे आपल्याविरुद्ध आहे. १५ किलोंच्या हंड्यासाठी स्नायूंना सुमारे १२० किलोंची ओढ द्यावी लागते. मणक्यांवर दोहोंची बेरीज, म्हणजे १३५ किलोंच्या घरातील दाब येतो. वाकलेल्या धडाचा भार त्याहून निराळा. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु कंबर का धरते हे त्यावरून उमगते.

उपायही त्याच नियमात आहे. भारभुजा आखूड करावी. गुडघ्यांत वाकून हंडा अंगाशी घेतला आणि ४० सेंटिमीटरांचे अंतर २० वर आणले, की स्नायूंची ओढ निम्मी होते. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रिया ताठ चालतात, याचेही कारण हेच आहे. तेथे भार जवळजवळ टेकूच्या रेषेतच येतो. कण्यावर वजन असतेच, पण ते आठपट होत नाही. खरा धोका असतो तो हंडा जमिनीवरून उचलून डोक्यावर घेईपर्यंतच्या क्षणांत. त्या वेळी दुसऱ्याने हात लावणे हा केवळ शिष्टाचार समजू नये.

जी गोष्ट हंड्याची, तीच खुरप्याची. आखूड मुठीच्या खुरप्याने तण काढणारी बाई दिवसभर उकिडवी बसते किंवा वाकलेली असते. तिच्या देहाचा वरचा अर्धा भाग हाच तिचा भार होऊन बसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मळ्यांतील मजुरांस अशीच आखूड दांड्याची कुदळ वापरावी लागे. लांब दांड्याने नाजूक काम नीट होणार नाही, असे मळेवाल्यांचे म्हणणे होते. मजुरांच्या पाठी कायमच्या अधू होतात अशी साक्ष डॉक्टरांनी दिली, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९७५ मध्ये त्या कुदळीवर बंदी आली. लांब दांड्याने शेती अडली नाही.

आपल्याकडे सायकलच्या जुन्या चाकापासून केलेले कोळपे महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांनी स्वीकारले आहे. उभ्याने ढकलता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. रोपांच्या अगदी बुडाशी खुरपे लागतेच. परंतु ओळींमधील जागा कोळप्याने साफ केली तर वाकण्याचे तास कमी होतात. हेब्बाळजवळच्या गांधी कृषिविज्ञान केंद्राच्या आवारात भरणाऱ्या कृषिमेळ्यात, किंवा आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही प्रदर्शनात अवजार पाहावयास गेल्यास, पात्याची धार पाहण्याआधी दांड्याची लांबी पाहावी. आणि घरातील जी व्यक्ती ते वापरणार आहे, तिच्याच हाती ते देऊन पाहावे. घेणारा एक आणि वाकणारा दुसरा, असे आपल्याकडे फार घडते.

घरी करून पाहा

मुलांसाठी एक सोपा प्रयोग सुचवितो. स्वयंपाकघरातील लहान वजनकाट्यावर एक पेन्सिल आडवी ठेवा, ती घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंस थोडी मळलेली कणीक लावा, आणि तिच्यावर ३० सेंटिमीटरांची पट्टी मध्यावर तोला. एका बाजूस मध्यापासून १० सेंटिमीटरांवर एक नाणे ठेवा. दुसऱ्या बाजूस तशीच दोन नाणी ५ सेंटिमीटरांवर ठेवली की पट्टी तोलली जाईल. काट्यावरचा आकडा लिहून घ्या. आता एक नाणे १२ सेंटिमीटरांवर आणि दोन नाणी ६ सेंटिमीटरांवर न्या. पट्टी पुन्हा तोलली जाईल आणि काट्यावरचा आकडा पूर्वीचाच राहील.

त्यानंतर मुलांस घरातील दहा हत्यारे गोळा करावयास सांगावे. सांडशी, कात्री, चिमटा, आडकित्ता, बाटली उघडण्याची चावी, नखे काढण्याचे नेलकटर, दाराचा अडसर, काहीही चालेल. प्रत्येकात टेकू कोठे आहे तेथे खडूने खूण करावी. जेथे सांधा गंजला असेल तेथे तेलाचा एक थेंब सोडावा. आणि शेवटी घरात सर्वांत अधिक वाकून काम कोण करते, कितीदा करते, हे मुलांनीच दिवसभर पाहून कागदावर मांडावे. तो कागद घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा, आणि त्यांतील कोणते काम ओट्यावर, चौरंगावर किंवा लांब दांड्याने करता येईल, हे त्याच दिवशी ठरवावे.